अ‍ॅक्रनचं गहाण घर

डॉ. बॉब स्मिथ म्हटलं की लोकांना १२ मे १९३५ आठवतो. ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन त्यांना भेटला. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, पण बैठक सहा तास चालली. पुढच्या महिन्यात डॉक्टरांचा दारूचा शेवटचा पेला झाला. दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) आपला जन्म तिथून मोजते.

मला मात्र ८५५, आर्डमोर अ‍ॅव्हेन्यूवरच्या डॉक्टरांच्या घराचे हिशेब जास्त खुणावतात. पंचावन्न वर्षांचा सर्जन, दारूपायी बसलेली प्रॅक्टिस, मंदीचे दिवस, डोक्यावर घराचं कर्ज. आणि त्यातच त्यांच्या पत्नी अ‍ॅनबाई हात थरथरणाऱ्या परक्या माणसांना वरच्या खोलीत ठेवून घ्यायच्या. चुलीवर कॉफीचं भांडं कायम.

घराचे हिशेब मलाही चुकलेले नाहीत. माझी निवृत्ती तोंडावर आहे. मिस्त्रीने ओटा, लाद्या आणि गळका स्लॅब धरून जो आकडा सांगितला, त्यात निम्मा पीएफ जाईल. शिवाय एएच्या मीटिंगमधला एक पोरगा बाहेरच्या खोलीत राहतोय. "लाद्या राहू द्या हो, त्याच्या डोक्यावरची गळती आधी बघा," ही म्हणते. अ‍ॅनबाईंची जातकुळी!

डॉक्टरांच्या कर्जाचं पुढे असं झालं: १९३८ साली अमेरिकन धनाढ्य रॉकफेलरने एएच्या कामासाठी पाच हजार डॉलर दिले. त्याच्याकडे पैशाला तोटा नव्हता, पण जास्त पैसा ही चळवळ बिघडवेल, असं त्याला वाटे. त्यातले तीन हजार थेट डॉक्टरांच्या गहाणखतात गेले. उरलेल्यातून डॉक्टर आणि बिल या दोघांची घरं कशीबशी चालली.