ॲग्रीव्होल्टाइक शेती

शेतात पीक उभे असतानाच त्याच जमिनीवर सौर पॅनेलपासून वीज तयार करण्याची पद्धत. पॅनेल पिकाच्या वर उंच मांडवावर बसवतात, किंवा पॅनेलच्या दोन ओळींमध्ये रुंद पट्टा मोकळा सोडून तिथे पेरणी करतात. शेतातला पंप सौर विजेवर चालवणे किंवा जमीन भाड्याने देऊन तिच्यावर नुसता वीजप्रकल्प उभारणे, हे प्रकार या पद्धतीत मोडत नाहीत. महाराष्ट्रात मात्र सौर आणि शेती हे शब्द एकत्र आले, की बहुधा तेच दोन प्रकार डोळ्यांसमोर येतात.

ही कल्पना प्रथम मांडली ती आडोल्फ गोएत्सबेर्गर आणि आर्मिन त्सास्ट्रो या जर्मन शास्त्रज्ञांनी, 1981 साली. पॅनेल जमिनीपासून सुमारे दोन मीटर उचलली आणि ओळींत पुरेसे अंतर ठेवले, तर खालच्या बटाट्याला बऱ्यापैकी सारखा प्रकाश मिळेल, असे त्यांचे गणित होते. पॅनेल तेव्हा फार महाग असल्याने ते गणित कागदावरच राहिले. जपानमध्ये अकिरा नागाशिमा यांनी 2004 पासून अरुंद पॅनेल विरळ बसवून प्रत्यक्ष पिके घेतली. ‘ॲग्रीव्होल्टाइक’ हे नाव रूढ झाले ते फ्रान्समधील माँपेलिए येथील क्रिस्तोफ द्युप्रा आणि सहकाऱ्यांच्या 2011 मधील संशोधनलेखानंतर.

पद्धतीचा पाया वनस्पतीच्या प्रकाशग्रहणात आहे. गहू, बटाटा, पालेभाज्या, कडधान्ये यांत एका मर्यादेपुढे ऊन वाढले तरी प्रकाशसंश्लेषण वाढत नाही. भर दुपारी तर पाने तापून पर्णरंध्रे मिटू लागतात. अशा पिकांना थोडी सावली सोसते, कधी मानवतेही. मका, ज्वारी, बाजरी, ऊस यांची घडण वेगळी. ती कडक उन्हाचाही उपयोग करून घेतात, त्यामुळे सावलीत त्यांचे उत्पन्न लवकर घटते. शिवाय ऊस वाढला की मांडवाला भिडतो. कोकण-गोव्यातल्या कुळागरात माड-पोफळीखाली मिरी, केळी, हळद लावतात त्यामागेही हीच समज आहे. इथे वरच्या मजल्यावर झाडाऐवजी काच असते, एवढाच फरक.

उष्ण, कोरड्या प्रदेशात फायदा दुहेरी होतो. सावलीमुळे जमिनीतला ओलावा टिकतो आणि पिकाच्या बाष्पोत्सर्जनामुळे वरचे पॅनेल थंड राहते. पॅनेल तापले की वीज घटते. साध्या सिलिकॉन पॅनेलमध्ये दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के. अमेरिकेतील ॲरिझोनात ग्रेग बॅरन-गॅफर्ड यांच्या गटाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिल्टेपिन या रानमिरचीचे उत्पन्न उघड्या वाफ्याच्या तिप्पट आणि चेरी टोमॅटोचे दुप्पट आले.

थंड हवेतला हिशोब इतका सरळ नाही. जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या हेगेलबाख इथल्या शेतावर फ्राउनहोफर संस्थेने 2016 मध्ये 194 किलोवॉटचा मांडव उभारला. मळणीयंत्र खालून जाईल इतका, म्हणजे पाच मीटर उंच. 2017 मध्ये गहू आणि बटाट्याचे उत्पन्न 18-19 टक्क्यांनी घटले. तरी नुसत्या शेतीच्या तुलनेत पिकाचे सुमारे 80 टक्के आणि नुसत्या वीजप्रकल्पाच्या तुलनेत विजेचे सुमारे 80 टक्के मिळून जमिनीचा वापर 160 टक्के झाला, असे संस्थेने मांडले. मोजमापाची ही रीत आंतरपीक पद्धतीच्या अभ्यासातून घेतली आहे. 2018 च्या कडक, कोरड्या उन्हाळ्यात मात्र तिथेच गहू 3 टक्के आणि बटाटा 11 टक्के जास्त पिकला.

या बेरजेत एक खोच आहे. वीज आणि पीक यांची टक्केवारी एकत्र करता येते, पण दोन्हींचे पैसे सारखे नसतात. वीज बहुतेकदा जास्त मिळकत देते, आणि मग खालची शेती नावापुरती उरण्याची भीती असते. म्हणूनच नियम पिकाच्या बाजूने बांधलेले आहेत. जपानने 2013 मध्ये परवानगी देताना परिसरातील सरासरीच्या किमान 80 टक्के उत्पन्नाची अट घातली. जर्मनीच्या 2021 च्या मानकात ती 66 टक्के आणि फ्रान्सच्या 2024 च्या आदेशात 90 टक्के आहे. पॅनेल किती उंच असावे यापेक्षा ही अटच या पद्धतीची खरी व्याख्या म्हणावी लागेल.

भारतात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत 105 किलोवॉटचा प्रकल्प आहे. मूग, मटकी, गवार, जिरे, इसबगोल अशी पिके पॅनेलच्या ओळींमध्ये घेतात आणि पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवून पॅनेल धुण्यासाठी व सिंचनासाठी वापरतात. पाण्याची अशी सोय केली नाही, तर पॅनेलच्या कडेवरून पडणाऱ्या धारेने जमिनीत चर पडतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही चाचण्या हाती घेतल्या आहेत. केंद्राच्या 2019 च्या कुसुम योजनेत लागवडीखालील जमिनीवर उंच खांबांवर पॅनेल उभारण्याची मुभा आहे. पण उंच मांडवाला लोखंड जास्त लागते आणि खर्च वाढतो. उलट, महाराष्ट्राच्या सौर कृषी वाहिनी योजनेत वीजप्रकल्पासाठी जमीन दिली की दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. जोखमीशिवाय एवढे मिळत असताना कोरडवाहू शेतकऱ्याने पॅनेलखाली वाकून पेरणी का करावी, याला सध्याच्या योजनांत उत्तर नाही.

पिकाला मांडव वा आच्छादन लागतेच, तिथे गणित सोपे होते. नेदरलँड्समधील बाबेरिख इथे रासबेरीवरच्या प्लास्टिकची जागा पॅनेलने घेतली आहे. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार अवकाळी पावसापासून बचावासाठी प्लास्टिक आच्छादनावर खर्च करतातच, त्यामुळे तुलना सहज सुचते. मात्र आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती होते, आणि तिला भरपूर ऊन लागते. फ्रान्सच्या त्रेसेर गावातील द्राक्षमळ्यात 2018 पासून आहेत तशी फिरणारी पॅनेल असली, तर त्या दिवसांत ती कलवून वेलींवर ऊन सोडता येईल. पक्क्या मांडवात ही सोय नसते.