टॉमी जॉन सर्जरी : करिअर संपलं असं वाटलेल्या पिचरने पुढे १६४ मॅच कशा जिंकल्या?

बेसबॉलच्या बातम्यांमध्ये 'टॉमी जॉन सर्जरी' हे शब्द सतत दिसतात. २०१८ मध्ये जपानचा स्टार शोहेई ओहतानी याचीही ही सर्जरी झाली. पण टॉमी जॉन हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाही, तर पेशंटचं नाव आहे.

कोण आहेत टॉमी जॉन?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९४३ मध्ये जन्मलेले जॉन हे डावखुरे पिचर. १९६३ मध्ये त्यांनी क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केलं. बेसबॉलमध्ये मॅचचा विजय आणि पराभव पिचरच्या नावावरही नोंदवला जातो. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळताना जॉन यांच्या नावावर १३ विजय आणि फक्त ३ पराभव होते. तेवढ्यात १७ जुलैला मॉन्ट्रियलविरुद्धच्या मॅचमध्ये त्यांचा डावा कोपर दुखावला.

नेमकं काय झालं होतं?

पिचर कोपर वाकवून हात जोरात पुढे झटकतो. याचा मोठा ताण कोपराच्या आतल्या बाजूला हाडं जोडून ठेवणाऱ्या लिगामेंटवर येतो. जॉन यांचं हेच लिगामेंट तुटलं होतं. त्या काळी याचा अर्थ करिअर संपलं, असाच होता.

१०० मध्ये १ शक्यता

२५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी जॉन यांच्या उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. पुन्हा पिचिंग करता येण्याची शक्यता त्यांनी १०० मध्ये १ इतकीच सांगितली होती. पुढे नसेच्या त्रासामुळे आणखी एक ऑपरेशन करावं लागलं. १९७५ चा अख्खा सीझन हुकला.

मग पुढे?

१९७६ मध्ये जॉन मैदानात परतले. १९७७ मध्ये त्यांनी २० विजय मिळवले. दुखापतीआधी एकाही सीझनमध्ये त्यांना हा आकडा गाठता आला नव्हता. न्यूयॉर्क यांकीजकडून १९७९ आणि १९८० मध्येही त्यांनी विशी ओलांडली. १९८९ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी ते थांबले. एकूण विजय २८८, त्यातले १६४ सर्जरीनंतरचे!

हॉल ऑफ फेमचं काय?

१९९५ ते २००९ अशी १५ वर्षं जॉन यांचं नाव हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर होतं, पण पुरेशी मतं कधीच मिळाली नाहीत. डॉ. जोब यांचा मात्र हॉल ऑफ फेमने २०१३ मध्ये गौरव केला. आज कोपर दुखावलेल्या पिचरला परतीची आशा असते, ती या दोघांनी घेतलेल्या जोखमीमुळे.