त्रेसष्ट शिक्क्यांची वही

माझ्या टेबलाच्या खणात निळ्या वेष्टनाची एक छोटी वही आहे. तिला 'पासपोर्ट' म्हणतात. १९८६ सालापासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये ती विकत मिळते. उद्यानाच्या माहिती केंद्रात एका कोपऱ्यात गोल शिक्का आणि शाईचा पॅड ठेवलेला असतो. शिक्का आपणच वहीत उमटवायचा. त्यावर जागेचे नाव आणि त्या दिवसाची तारीख येते. पैसे पडत नाहीत, कोणी काही विचारतही नाही. तरीही शिक्का जरा पुसट उठला तर चाळिशी ओलांडलेली माणसे हळहळतात. मीही त्यांच्यातलाच. अमेरिकेतील सगळी राष्ट्रीय उद्याने पाहायची, असे मी आणि माझ्या पत्नीने अठरा वर्षांपूर्वी ठरवले. आजवर एकतीस झाली. एकूण त्रेसष्ट आहेत.

हे वेड मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अष्टविनायक, बारा ज्योतिर्लिंगे, साडेतीन शक्तिपीठे अशा मोजलेल्या यात्रा आपण पिढ्यानपिढ्या करत आलो आहोत. सह्याद्रीतले सगळे किल्ले पायाखाली घालण्याचा ध्यास घेतलेले ट्रेकर गावोगाव सापडतात. फरक एवढाच की बारा ज्योतिर्लिंगांची तेरा होत नाहीत. अमेरिकेची यादी मात्र वाढते, क्वचित घटतेही. २०१७ साली जो सगळी उद्याने पाहून निवांत झाला, त्याच्या यादीत एकोणसाठ नावे होती. पुढल्या वर्षी सेंट लुईसची कमान राष्ट्रीय उद्यान झाली, २०१९ मध्ये इंडियाना ड्यून्स आणि व्हाइट सँड्स, २०२० च्या अखेरीस न्यू रिव्हर गॉर्ज. निवांत झालेल्या यात्रेकरूला पुन्हा बॅग भरावी लागली.

राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात रणांगणे, स्मारके, किनारे धरून चारशेहून अधिक जागा आहेत. त्यांतल्या कोणत्या त्रेसष्टांना 'राष्ट्रीय उद्यान' म्हणायचे, हे अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, कायदा करून ठरवते. काँग्रेस नाव काढूनही घेते. यलोस्टोननंतरचे दुसरे राष्ट्रीय उद्यान १८७५ साली मॅकिनॅक बेटावर झाले. वीस वर्षांनी ते मिशिगन राज्याला देऊन टाकले गेले. ओक्लाहोमातले प्लॅट १९०६ पासून १९७६ पर्यंत यादीत होते, मग तेही गेले. प्लॅटची जमीन चिकसॉ आणि चॉक्टॉ या मूलनिवासी राष्ट्रांकडून घेतलेली होती.

हे कळल्यावर मी एक साधी गोष्ट केली. तोवर आमची यादी प्रवासाच्या सोयीने लावलेली होती, कॅलिफोर्नियातली नऊ एकीकडे, युटातली पाच एकीकडे. ती मी स्थापनेच्या सालाप्रमाणे पुन्हा लिहून काढली. त्यातून जे दिसले, ते या लेखात मांडतो आहे.

माणसांसह, माणसांशिवाय

राष्ट्रीय उद्यान ही कल्पना पहिल्यांदा मांडण्याचे श्रेय बहुधा जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराला दिले जाते. १८३२ साली मिसुरी नदीतून तो आगबोटीने वर गेला. त्या बोटीचे नाव योगायोगाने 'यलो स्टोन' होते. रानगव्यांचे कळप आणि मैदानी जमाती दोन्ही लवकरच नाहीशा होणार, हे त्याला दिसत होते. सरकारने एक विशाल उद्यान राखावे आणि त्यात प्राणी व माणसे दोघांनाही त्यांच्या रीतीने राहू द्यावे, असे त्याने लिहिले. त्याच्या नजरेत संग्रहालयाचा वास होता, हे खरे. तरीही त्याच्या उद्यानात माणसे होती.

पुढे प्रत्यक्षात जे आले, त्यात ती नव्हती. योसेमिटीचे उदाहरण घ्या. १८५१ च्या मार्चमध्ये मॅरिपोसा बटालियन नावाची स्वयंसेवकांची सशस्त्र तुकडी त्या दरीत शिरली. तिथल्या अहवाहनीची लोकांची गावे आणि ओकच्या बियांचे साठे तिने जाळले. तुकडीतला डॉक्टर लाफायेट बनेल याने पुढे या मोहिमेवर पुस्तक लिहिले. ज्या तलावाकाठी अहवाहनींना पकडले, त्याला त्यांच्या टेनाया या प्रमुखाचे नाव देण्याचे बनेलने ठरवले आणि मोठ्या कौतुकाने त्याला तसे सांगितले. टेनायाने उत्तर दिले की या तलावाला नाव आहे. हा संवाद बनेलनेच नोंदवून ठेवला आहे. नकाशावर आजही टेनाया लेक आहे. आम्ही तिथे थांबलो होतो, डबा खाल्ला होता, फोटो काढले होते.

१८६४ साली लिंकनच्या सहीने ही दरी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवली गेली आणि १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. पर्यटक ज्या मोकळ्या कुरणांवर भाळले, ती मूलनिवासींनी वर्षानुवर्षे ठरवून आगी लावून राखलेली होती. आगी थांबल्या तशी झाडी कुरणांत शिरली. निसर्गनिर्मित म्हणून जे जपायला घेतले, त्यात माणसाच्या हातांचा मोठा वाटा होता.

यलोस्टोनमधले दोन प्रवासी

यादीतले पहिले नाव यलोस्टोन. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली. आजचे क्षेत्र बावीस लाख एकर. लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी ही जमीन राखली जावी, असे कायद्यात आहे. तिथे वस्ती करणाराला अतिक्रमण करणारा समजून बाहेर काढावे, असेही आहे. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे टुकुडिका शोशोनी लोक तिथे राहत होते. ऑब्सिडियन क्लिफ या काळ्या ज्वालामुखी काचेच्या कड्यावरून माणसे हजारो वर्षे हत्यारांसाठी दगड नेत होती. कायद्याच्या भाषेत ते सगळे अतिक्रमण ठरले.

कायद्याआधीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १८७० च्या ज्या वॉशबर्न मोहिमेमुळे यलोस्टोनची कीर्ती पूर्वेकडे पोहोचली, तिच्यासोबत गुस्टाव्हस डोएन हा लष्करी अधिकारी होता. त्याचा अहवाल उद्यानाच्या बाजूने महत्त्वाचा पुरावा ठरला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मरायस नदीकाठी पिगन ब्लॅकफीट लोकांच्या छावणीवर जो हल्ला झाला, त्यात हाच डोएन पुढे होता. किमान १७३ माणसे मारली गेली, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. उद्यानातल्या एका शिखराला पुढे त्याचे नाव मिळाले.

उद्यान पाच वर्षांचे असताना तिथे दोन प्रकारचे प्रवासी समोरासमोर आले. मोंटानाचे एक जोडपे, जॉर्ज आणि एमा कोवन, नातलग आणि मित्रांसह सहलीला आले होते. २४ ऑगस्ट १८७७ हा त्यांच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस. त्याच वाटेने नेझ पर्स लोक चालले होते, बायकामुलांसह सुमारे सातशे. वॅलोवाचे खोरे सोडून राखीव जागेत जाण्याच्या सक्तीतून युद्ध पेटले होते आणि सैन्य पाठीवर होते. दोनच आठवड्यांपूर्वी बिग होल येथे पहाटेच्या हल्ल्यात त्यांची अनेक माणसे, त्यांत मुलेही, मारली गेली होती. नेझ पर्सांनी कोवन मंडळींना पकडले. जॉर्जला गोळ्या लागल्या आणि मेला असे समजून त्याला सोडून दिले. तो सरपटत, रांगत वाचला. एमा आणि तिच्या भावंडांना पुढे घोडे देऊन परत पाठवले. दुसऱ्या एका सहलीतले दोघे त्या दिवसांत मारले गेले.

नेझ पर्स उत्तरेला निघून गेले. कॅनडाची हद्द सुमारे चाळीस मैलांवर असताना ५ ऑक्टोबरला त्यांचा पाडाव झाला. त्यांचा नेता जोसेफ १९०४ साली वारला, त्याला वॅलोवात परत राहू दिले गेले नाही.

या प्रसंगानंतर उद्यानाच्या चालकांना पर्यटकांना धीर देणे भाग होते. दुसरे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांच्या काळात मूलनिवासींना उद्यानाबाहेर ठेवण्याची खटपट झाली. उकळत्या पाण्याच्या फवाऱ्यांना ते लोक घाबरतात, म्हणून इथे येतच नव्हते, असा समजही पसरवला गेला. मीही एका जुन्या मार्गदर्शिकेत तो वाचला होता आणि पुण्यात नातेवाइकांना रंगवून सांगितलाही होता.

आगगाडी, मोटार आणि पाट्या

पुढची पन्नास वर्षे उद्याने वाढली ती आगगाडीच्या बळावर. ग्लेशियर उद्यानाची जमीन ब्लॅकफीट लोकांनी १८९५ साली पंधरा लाख डॉलरला दिली, पण शिकारीचे आणि लाकूडतोडीचे हक्क राखून. १९१० मध्ये उद्यान झाल्यावर हे हक्क सरकारने मानले नाहीत. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने मात्र त्याच ब्लॅकफीट लोकांना पिसांचे टोप घालून स्टेशनावर पाहुण्यांच्या स्वागताला उभे केले. त्यांना शिकारीला आत येता येत नव्हते, जाहिरातीत येता येत होते.

१९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. टाकणखाराच्या, म्हणजे बोरॅक्सच्या, धंद्यात श्रीमंत झालेले स्टीफन मेदर तिचे पहिले संचालक. त्यांनी मोटारींना आत घेतले आणि उद्यान मध्यमवर्गाच्या सुट्टीचे ठिकाण झाले. पूर्वेकडे मोकळी सरकारी जमीन नव्हती, म्हणून शेननडोआ उद्यानासाठी व्हर्जिनिया राज्याने डोंगरातल्या शेतकऱ्यांची जमीन सक्तीने घेतली. शेकडो कुटुंबे उठली. ती गोरी होती, गरीब होती. त्याच उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन ही वेगळी जागा १९३९ साली उघडली, तशी पाटी लावून. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पाटी गेली. तिथल्या शिक्क्यावर आमच्या वहीत २०११ सालची तारीख आहे. आमच्यासारख्या रंगाच्या माणसांना त्या काळी कोणत्या फाटकाकडे पाठवले असते, हा विचार मला तेव्हा शिवला नव्हता.

यादीचा उत्तरार्ध

सालाप्रमाणे वाचताना १९८० पाशी सूर बदलतो. त्या वर्षीच्या अलास्का कायद्याने एका फटक्यात प्रचंड प्रदेश राखला. त्यातले रँगल-सेंट इलायस हे एक उद्यानच स्वित्झर्लंडपेक्षा मोठे आहे. पण या कायद्याने नव्या उद्यानांपैकी बहुतेकांत स्थानिक ग्रामीण लोकांचा पोटापुरत्या शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मान्य केला. गेट्स ऑफ दि आर्क्टिकमध्ये रस्ता नाही, पायवाट नाही, पण हद्दीच्या आत नुनामिउत लोकांचे अनाक्तुवुक पास हे गाव आहे. कोबुक व्हॅलीत इनुपियाक लोक नदी ओलांडणाऱ्या कॅरिबूंची शिकार हजारो वर्षे करत आले, आजही करतात.

अमेरिकन सामोआ याच्याही पुढचे. तिथे जमीन कुटुंबांच्या सामाईक मालकीची असते, ती सरकारला विकण्याची रीत नाही. म्हणून काँग्रेसने १९८८ मध्ये उद्यान मंजूर केले आणि १९९३ मध्ये गावांकडून जमीन पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. त्रेसष्टांतले हे उद्यान सरकारच्या मालकीचे नाही, सरकार तिथे भाडेकरू आहे. डेथ व्हॅलीत टिंबिशा शोशोनी लोकांनी उद्यानाबाहेर जाण्याचे नाकारून अनेक दशके तग धरला. २००० साली कायद्याने त्यांना सुमारे ७,७०० एकर जमीन परत मिळाली, त्यातली काही थेट उद्यानाच्या मध्यात. आणि २०२२ साली डोएनचे नाव यलोस्टोनच्या शिखरावरून काढून 'फर्स्ट पीपल्स माउंटन' असे ठेवले गेले.

म्हणून हिशेब पुरा झाला असे म्हणता येत नाही. ब्लॅकफीट लोकांची ग्लेशियरविषयीची तक्रार जिवंत आहे. तरीही यादीचे पहिले नाव आणि सामोआचे नाव शेजारी ठेवले तर एवढे कळते की राखलेले रान आणि राहणारी माणसे यांच्यातला छत्तीसचा आकडा निसर्गनियम नव्हता. तो कायद्याने आणला होता आणि कायद्याने थोडाफार सोडवताही आला.

आपल्या दृष्टीने हे दूरचे नाही. यलोस्टोनचा साचा जगभर गेला. भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान, आजचे कॉर्बेट, १९३६ चे. महाराष्ट्रातले ताडोबा १९५५ चे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, यलोस्टोनच्या बरोबर शंभर वर्षांनंतरचा, आणि राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क शिल्लक राहू नयेत हेच त्याचे मूळ धोरण. ताडोब्याच्या पोटातल्या गावांचे स्थलांतर त्याच विचारातून आले. त्याला उत्तर म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आला आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवले. मी ताडोब्यात तीनदा वाघ पाहायला गेलो. तिथे कोणाची घरे होती, हे विचारले नाही.

वाचकांपैकी कोणी विचारील की मग हे वेड सोडणार का. नाही. ग्रँड कॅनियनच्या काठावर पहाटे उभे राहून जे वाटले, ते खोटे नव्हते, आणि ती जागा राखली गेली नसती तर आज तिथे काय असते याची कल्पना करवत नाही. उरलेली बत्तीस उद्याने जमतील तशी पाहीन. सामोआचे तिकीट महाग आहे, तिथे विमानेही मोजकीच जातात. तरी पुढचे तेच, असे आम्ही ठरवले आहे.

फक्त वहीत एक भर घातली आहे. प्रत्येक शिक्क्याशेजारी, ती जागा उद्यान होण्याआधी जे तिथे राहत होते त्यांचे नाव मी पेन्सिलने लिहितो. यलोस्टोनशेजारी टुकुडिका, योसेमिटीशेजारी अहवाहनी, शेननडोआशेजारी डोंगरातल्या काही कुटुंबांची आडनावे. एकतीस शिक्क्यांपैकी तेवीस नावे लिहून झाली. आठ शोधायची आहेत.