चांदूर, जि. अमरावती : एका अर्ध्या पत्त्याचा इतिहास

आज आपण चांदूर बाजारला जमलोय, तेव्हा सुरुवात गावाच्या नावापासूनच करू. समजा, पाकिटावर नाव आहे आणि खाली एवढंच लिहिलंय : 'चांदूर, जि. अमरावती'. हे पत्र इथे येईल का?

जिल्ह्यात मोठी चांदूर दोन. आपलं अमरावतीच्या उत्तरेला, अचलपूरच्या बाजूचं. दुसरं चांदूर रेल्वे, बडनेरा-वर्धा लोहमार्गावरचं. (चांदूर बिस्वाही आहे, पण ते बुलढाण्यात, त्याचा आपल्याला त्रास नाही.) आता गंमत बघा. १९०५ पर्यंत हा घोळ एवढा नव्हता. तेव्हा एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हा होता आणि आपला भाग त्यात मोडत होता. 'जि. एलिचपूर' लिहिलं की काम झालं. १९०५ साली तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला. लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. सरकारनं सीमा पुसली आणि पुरा पत्ता अर्धा झाला! बरं, 'ता. चांदूर' म्हणजे तेव्हा रेल्वेवालंच चांदूर. पुढे आपलं गावही तालुक्याचं ठिकाण झालं, म्हणजे तीही खूण दोघांना सारखीच लागू.

मग पत्रं पोचायची कशी? माणसांच्या डोक्यातल्या माहितीवर. रेल्वे मेल सर्व्हिसचे सॉर्टर धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून टपाल खणांत टाकायचे. चुकीच्या चांदूरला गेलं, तर तिथला पोस्टमन नाव वाचून म्हणणार, "हा आपल्याकडचा नाही." मग चुकून आल्याचा शिक्का मारून पत्र पुढे रवाना. सॉर्टरला गाव हवं, पोस्टमनला माणूस हवा. त्यामुळे 'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता एकाला निरुपयोगी, तर दुसऱ्याला पुरेसा.

पण ही व्यवस्था ओळखीवर चालायची, हे विसरू नका. गावच्या पाटलाचं, देशमुखाचं पत्र नुसत्या नावावर घरी पोचणार. कालपरवा जिनिंगवर कामाला आलेल्या मजुराला कोण ओळखणार? त्याच्या आईचं कार्ड मात्र परत. पाठवणाऱ्याचाही ठावठिकाणा नसेल, तर ते डेड लेटर ऑफिसात. बंद पाकीट फोडून पत्ता शोधायची मुभा तिथल्याच लोकांना होती. म्हणजे ओळख नसलेल्याचं खाजगी बोलणं आधी परका माणूस वाचणार.

यावरचा तोडगा एका मराठी माणसानं काढला. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, ही त्यामागची मुख्य अडचण. आपला पिन ४४४७०४. चांदूर रेल्वेचा? ४४४९०४. अख्ख्या भेदात एकच आकडा! इंग्रजी सात घाईत जरा गोल आला की नऊ वाटतो, आणि मुलाखतीचं बोलावणं निघालं दुसऱ्या चांदूरला. सोबत 'बाजार' लिहिलेलं असेल तर कुणीतरी थांबून बघेल. म्हणून आकडा आला तरी आपण 'बाजार' सोडू नये.

आणि रेल्वे असलेलं ते चांदूर, ही जुनी खूणही आता पक्की राहिली नाही. नरखेड-बडनेरा मार्गावर आपल्या चांदूर बाजारचंही स्टेशन आहे.