जोड लावणारी माणसं

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड असे आणि त्या फडात जोड लावायचं काम आमच्या आजोबांकडे असे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण भोवतालच्या खेड्यांतले, शिवाय बुलडाण्याकडचे आणि परभणीकडचे पैलवान तिथे येत. आजोबा स्वतः नावाजलेले पैलवान कधीच नव्हते. निजामाच्या राज्यात, तरुणपणी, त्यांनी आसपासचे काही फड केले, एवढंच. त्यांचं नाव होतं ते नजरेसाठी. दोन अनोळखी पोरं समोर उभी राहिली की ही कुस्ती शोभेल की नाही, हे ते सांगत आणि माणसं ते मानत.

वजनकाटा नाही, गट नाहीत, कुठली यादी नाही. अशा काळात कोण कुणाशी लढणार हे ठरायचं कसं, ते मी आधी आजोबांकडून आणि ते गेल्यावर थोरल्या मामांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं.

मोठ्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असत. जत्रेच्या महिनाभर आधी पंचमंडळी देवळात बसायची. लोकवर्गणी किती जमेल याचा अंदाज घेतला जाई आणि त्यावरून शेवटची कुस्ती किती इनामाची हे ठरे. निजामाच्या हाली शिक्क्याच्या काळातले आकडे मामांना आठवतात, पण ते दर वेळी वेगळे सांगतात, म्हणून इथे देत नाही. मग वस्तादांकडे निरोप जायचे. पैलवानाशी थेट बोलणं चालत नसे; वस्ताद हो म्हणाला तरच कुस्ती ठरायची. वाटखर्च कोण देणार, समोर कोण आहे, तो गेल्या वर्षी कुठे लढला, हे सगळं वस्ताद विचारी. दोन्हीकडून होकार आला की नावं हँडबिलावर छापायची. ज्या नावांनी गर्दी होईल ती नावं पंचांना हवी असत, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. फडाला माणूस जमला नाही तर वर्गणी देणारे पुढच्या वर्षी हात आखडता घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाकीच्या कुस्त्या मात्र मैदानातच ठरत, आणि खरी कसोटी तिथे होती.

दुपारी हलगी कडाडली की आधी रेवडीच्या कुस्त्या. लहान पोरं मातीत उतरायची, जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडायच्या. मग नारळाची, मग एक रुपयाची, दोनाची, पाचाची, असं इनाम चढत जाई. प्रत्येक टप्प्यावर पंच एखाद्या पोराचा हात धरून त्याला मैदानभर फिरवी आणि ओरडे, "याला जोड आहे का?" गर्दीतून कुणी उठे, कपडे काढून लंगोटावर पुढे येई. मग आजोबा दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करत. जू ठेवण्याआधी शेतकरी दोन्ही बैलांची उंची आणि वशिंड बघतो तसं ते बघत: मान, मनगट, मांड्या आणि सगळ्यात आधी कान. ज्याचे कान मातीत घासून मोडले आहेत त्याला कोवळ्या कानाच्या पोरापुढे ते कधीच उभं करत नसत, मग दोघांचं अंग सारखं दिसो. "अंग आईबापाचं असतं, कान तालमीचे," असं ते म्हणत.

एकाच तालमीची दोन पोरं समोरासमोर नको. ज्या दोन गावांत पाण्यावरून किंवा बांधावरून वैर पेटलंय, त्या गावांची जोड दिवस मावळताना नको; लावायचीच तर भर उन्हात, सगळे शुद्धीवर असताना. घरात नुकतं सुतक होऊन गेलेल्या पोराला आजोबा हळूच बाजूला घेऊन विचारत, लढायचंय ना नक्की? आणि जोड विषम वाटली तर गर्दीच ओरडायची, "जोड नाही, जोड नाही!" मग पंचांना ती मोडावी लागे. पंचांचा शब्द शेवटचा खरा, पण तो शेकडो डोळ्यांसमोर द्यायचा होता.

कुस्ती निकालीच. पाठ लागेपर्यंत. फारच लांबली तर बरोबरीत सोडवायची आणि इनाम अर्धं-अर्धं.

ही पद्धत निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. ज्याने मोठं इनाम ठेवलं त्याच्या पोराला सोपी जोड मिळे. नुरा कुस्त्या होत. दोन वस्ताद आधीच ठरवून येत आणि लोक पैसे उधळून फसत. काही गावांत कुणाची कुस्ती कुणाशी लावायची नाही हे जात पाहून ठरे. मामा ते खाली मान घालून सांगतात, आणि मला वाटतं त्या काळाबद्दलची ती सगळ्यात खरी साक्ष आहे.

आणखी एक दोष लोकांना वर्षानुवर्षं सलत राहिला. त्या पट्ट्यातले दोन मोठे पैलवान, एक पूर्णेच्या वरच्या अंगाचा, एक गोदाकाठचा, कधी एकमेकांशी लढलेच नाहीत. दर वर्षी आजोबा निरोप पाठवत. एका वर्षी एका वस्तादाने नाही म्हटलं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने. दोघांचं नाव अभंग राहिलं, दोघांचीही उमर उलटली. त्यांच्यात थोर कोण, यावरून आमच्या पारावर म्हातारी माणसं अजून भांडतात.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम संपला की 'बाउल' नावाचे मोठे सामने होतात. कित्येक दशकं त्यांच्या जोड्याही अशाच लागत. बाउलची समिती संघांना आमंत्रण देई. कुठल्या संघामागे किती प्रेक्षक प्रवास करून येतील हेही बघे. काही बाउल ठरावीक साखळ्यांच्या विजेत्यांशी आधीच करारबद्ध असत. अव्वल कोण, हे पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवत. १९९७ च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का हे दोन्ही संघ एकही सामना हरले नाहीत. मिशिगन करारामुळे रोझ बाउलमध्ये, नेब्रास्का ऑरेंज बाउलमध्ये. समोरासमोर आलेच नाहीत. पत्रकारांनी मिशिगनला विजेता म्हटलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. तिथे चार संघांची बाद फेरी यायला २०१४ चा हंगाम उजाडावा लागला. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्यांच्याही वस्तादांनी निरोप परतवले तर."

महाराष्ट्रात बदल त्याच्या कितीतरी आधी आला. मामासाहेब मोहोळांनी उभारलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ साली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली, आणि पहिला मान मिळवला सांगलीच्या दिनकर दह्यारींनी. ती स्पर्धा औरंगाबादला झाली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलाच तालुका होता, जिल्हा झाला १९८१ मध्ये. गावातली काही माणसं ती बघायला गेली होती. परत येऊन त्यांनी सांगितलं की आता नकार देता येत नाही. चिठ्ठीत जो समोर येईल त्याच्याशी लढायचं, हरला की घरी. आजोबांना ते पटलं. थोर कोण हे ठरवायचं असेल तर दुसरा मार्गच नाही, असं ते उघड म्हणत.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी जालन्यात, आझाद मैदानावर भरली. मी मामांना घेऊन गेलो. अंतिम कुस्तीला माती विभागाचा विजेता बाला रफिक शेख आणि गादी विभागाचा विजेता, आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके. मामांनी विचारलं, "ही जोड कुणी लावली रे?"

"कुणीच नाही मामा. दोघं जिंकत जिंकत इथवर आले."

बाला रफिकने कुस्ती ११-३ अशी गुणांवर जिंकली. परतीच्या वाटेवर मामा खूश होते. फक्त गुणांवर निकाल लागतो हे त्यांना अजून पचत नाही.

मला दोन्ही पद्धती हव्याशा वाटतात, पण वेगवेगळ्या कामांसाठी. अव्वल निवडायला वजनगट आणि चिठ्ठ्याच हव्यात. त्यांच्यामुळेच मुलींना मैदान मिळालं; आमच्या जत्रेत मुलीचा हात धरून "जोड आहे का" असं कुणी कधी पुकारलं नाही, आणि २०२३ साली सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. पण चिठ्ठीत पहिल्याच फेरीला हरलेल्या पोराचं काय? जत्रेत तो हरला तरी पुढच्या गावात त्याला त्याच्या ताकदीची जोड शोधून देणारा माणूस होता, आणि तो माणूस त्याला नावाने, तालमीने, कानाने ओळखत होता. खेड्यातल्या पोरांना मातीत टिकवून धरलं ते या माणसांनी. जत्रांचे फड अजून भरतात, तिथे ही नजर अजून लागते, आणि ती शिकवणारे झपाट्याने कमी होत आहेत.

तुमच्या गावात जोड लावणारा एखादा म्हातारा पंच असेल, तर येत्या जत्रेआधी वही घेऊन त्याच्याकडे बसा. कुठल्या साली कुणाची कुस्ती कुणाशी लागली, इनाम काय होतं, निकाल काय लागला, ते विचारा. आणि ज्या जोड्या लागल्याच नाहीत त्यांबद्दल आधी विचारा. त्या कुठल्याही हँडबिलावर छापलेल्या नाहीत.