जुने सामने आणि घरी परतणारी मुले



धानाची कापणी आटोपली की आपल्या मोहाडीच्या भोवतालच्या बांध्या मोकळ्या होतात. मग संध्याकाळी तिथे मुलांचा गलका सुरू होतो. पायाला धसकटे टोचतात, चेंडूतील हवा निम्मी गेलेली असते, तरी अंधार पडेपर्यंत खेळ थांबत नाही. हे दृश्य पाहून आपल्यापैकी अनेक पालक म्हणतात, "पोरे वेळ वाया घालवतात." मी शिक्षक आहे, त्यामुळे ही तक्रार मला वारंवार ऐकावी लागते. आज तिचे उत्तर उपदेशाने न देता इतिहासाने द्यावे, असे मनात आहे.

खेळाचे मैदान आणि विद्यालय यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत फुटबॉलचा सामना झाला. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलची सुरुवात याच सामन्यापासून मानतात. पुढे या खेळाने तिकडे निराळेच रूप घेतले. तो आपल्या फुटबॉलसारखा राहिला नाही. परंतु त्यातून एक सुंदर प्रथा निघाली. १९११ साली मिसुरी विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांनी जुन्या विद्यार्थ्यांना आवाहन केले की, कॅन्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला सर्वांनी 'घरी' या. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. पण हजारो लोक आले. अशा मेळाव्याचा पहिला मान आपलाच, असे इतरही विद्यापीठे म्हणतात आणि तो वाद आजही मिटलेला नाही. तो मिटला नाही तरी बिघडत नाही. शाळा सोडलेल्या मुलाला शाळेने पुन्हा 'घरी ये' म्हणावे, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलिगढला शाळा काढली आणि १८७७ साली महाविद्यालयाची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७८ साली, तेथे क्रिकेट क्लब सुरू झाला. तो सुरू करणारे गृहस्थ होते गणिताचे अध्यापक रमाशंकर मिश्र. मुसलमानांच्या शिक्षणासाठी निघालेल्या या संस्थेचे दार पहिल्यापासून सर्वांना उघडे होते; तिचे पहिले पदवीधर म्हणून ईश्वरीप्रसाद यांचे नाव सांगतात. पुढे खिलाफत चळवळीत गाजलेले मौलाना शौकत अली हे विद्यार्थिदशेत याच महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचे कप्तान होते. आणि १९८४ सालच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे नेतृत्व करणारे जफर इक्बालही अलिगढचेच विद्यार्थी.

अलिगढच्या मुलांनी आणखी एक काम केले. १८९० साली त्यांनी 'अंजुमन-अल्-फर्ज' ही संस्था काढली. फर्ज म्हणजे कर्तव्य. गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसा जमवणे हे तिचे काम. त्यासाठी मुले जत्रा-प्रदर्शनांत दुकानसुद्धा मांडीत. सर सय्यद १८९८ साली वारले आणि पुढच्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. आजही १७ ऑक्टोबर या त्यांच्या जन्मदिवशी अलिगढचे माजी विद्यार्थी जिथे असतील तिथे एकत्र जेवतात. घरी जाता आले नाही तर घर तिथे मांडतात म्हणा ना!

आपला मुलूखही या बाबतीत कोरडा नव्हता. नागपूरला १८८३ साली हिस्लॉप कॉलेज आणि १८८५ साली मॉरिस कॉलेज निघाले. १९२३ साली विद्यापीठ झाले. १९३२ साली भारताने पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कप्तान असलेले सी. के. नायडू नागपूरचे, हिस्लॉपमध्ये शिकलेले. कामठीला ब्रिटिशांनी १८२१ साली छावणी वसवली होती. त्या कामठीतल्या मोहल्ल्यांत आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यात फुटबॉलचे वेड असे मुरले आहे की, कामठीचा रब्बानी क्लब व नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावे विदर्भातल्या फुटबॉलप्रेमींना सांगावी लागत नाहीत.

आणि कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे नाव तर आपल्या वडीलधाऱ्यांनी किती अभिमानाने घेतले असेल! १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वेळा त्याने ती जिंकली. १९४० साली मुंबईचा रोव्हर्स करंडक आणि दिल्लीचा ड्युरँड करंडक हे दोन्ही त्याच संघाने पटकावले. ड्युरँडच्या अंतिम सामन्यात गोऱ्या पलटणीचा २-१ असा पराभव झाला. त्या विजयाने सामान्य माणसाची मान ताठ झाली, हे खरे आहे.

परंतु, वाचकहो, जुन्या आठवणीला भुलून इतिहासाचे दुसरे पान आपण मिटून ठेवू नये. त्याच काळात मुंबईला क्रिकेटचे पंचरंगी सामने भरत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि १९३७ पासून 'इतर' असे ते पाच संघ. खेळ अव्वल दर्जाचा. विजय हजारे यांनी १९४३ साली 'इतर' संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या, तो पराक्रम याच स्पर्धेतला. पण माणूस कसा खेळतो याच्या आधी तो कोणत्या धर्माचा हे तिथे विचारले जाई. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी आपल्याच विदर्भातील वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजींचे मत असे पडले की, महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे आपसातले सामने समजू शकतात, पण धर्मवार संघ कशासाठी हे आपल्याला कधी कळले नाही. १९४६ च्या आरंभी ती स्पर्धा कायमची बंद पडली.

गांधीजींनी संस्थेच्या सामन्याला वेगळे का काढले असावे? माझ्या मते कारण सरळ आहे. शाळेच्या बनियनवर शाळेचे नाव असते. ते अंगात घातले की रमाशंकर मिश्रांचा क्लब शौकत अलींचा होतो, आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या शाळकरी दिवसांत गॅदरिंगच्या आठवड्यात 'आजी विरुद्ध माजी' असा सामना होई. माजी विद्यार्थी पोट सावरत धावत, आम्ही हसत असू, आणि शेवटी सगळे एकाच पातेल्यातला चहा घेत. आमचा गोलरक्षक मोठा जिगरबाज. धसकटांवर अंग टाकायलाही तो भीत नसे. दहावीनंतर त्याच्या अब्बांना दम्याने घेरले, घर चालवायचे म्हणून तो नागपूरला गॅरेजवर लागला. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, तेव्हा मी स्वतः त्याला फोन केला. तो म्हणाला, "तू मास्तर झाला, कोणी डॉक्टर झाला, कोणी इंजिनिअर. तुमचे सत्कार होतील. मी येऊन काय सांगू?"

तो आला नाही. मी मात्र त्या दिवशी व्यासपीठावर शाल घेताना त्याचेच शब्द ऐकत होतो. घरी बोलावण्याच्या नावाखाली आपण फक्त यशस्वी झालेल्यांना बोलावतो. मग शाळा घर कशी झाली? घरात कमावता आणि न कमावता असे दोन दरवाजे नसतात. त्याने शाळा सोडली तेव्हा त्याला थांबवायला 'फर्ज' म्हणून कुणी पुढे आले नव्हते. मी त्याचा मित्र. पण मीही तेव्हा अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत होतो.

म्हणून पालकांना व विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपण आजी-माजी सामना दरवर्षी नेमाने भरवू या. त्यात मुलींचाही सामना ठेवू या, कारण आज आपल्या वर्गांत त्याही तितक्याच जिद्दीने शिकतात. निमंत्रणे निकालपत्रकावरून न काढता हजेरीपटावरून काढू या, म्हणजे मध्येच शाळा सोडलेल्याचेही नाव त्यात येईल. आणि सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला एक पेटी ठेवू या. अलिगढच्या मुलांनी जत्रेत दुकान मांडले. आपण चहाचे मांडू. त्या पैशातून एखाद्या मुलाची फी भरली, तर पुढचा गोलरक्षक शाळेतच राहील.

संध्याकाळी बांधीत खेळणाऱ्या पोरांना हाक मारून घरी बोलवा, अवश्य बोलवा. अभ्यासही झालाच पाहिजे. पण रागावण्यापूर्वी क्षणभर कडेला उभे राहून त्यांचा खेळ पहा. पंचवीस वर्षांनी याच पोरांना आपल्याला 'या, घरी या' म्हणायचे आहे.

माझ्या मित्राला मी यंदा पुन्हा फोन करणार आहे. या वेळी सांगणार आहे की, सत्कार नाही, भाषण नाही. माजी संघाला गोलरक्षक हवा आहे.