गळाची काठी आणि रेशमाचा धागा

आपल्या पटवेकरी समाजाचा आणि मासे धरण्याच्या काठीचा संबंध तो काय, असा प्रश्न हा मथळा वाचून ज्ञातिबांधवांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. संबंध आहे तो धाग्याचा. दागिना ओवणे, करगोट्यास पीळ देणे, गोंडा बांधणे ही आपल्या वाडवडिलांची कामे. धाग्याने वस्तू पक्की बसवावी आणि गाठ मात्र दिसू नये, हे या सर्व कामांचे मर्म होय. हेच मर्म सातासमुद्रापलीकडे एका निराळ्या धंद्यात कसे मान्यता पावले, त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडात गळाने मासे धरणे हा फार पूर्वीपासून आवडीचा छंद आहे. आयझॅक वॉल्टन याचा त्यावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी हा छंद आपल्या देशातही आणला आणि येथील नद्यांतील महसीर मासा त्यांच्या विशेष आवडीचा झाला. मद्रास प्रांतातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

या काठीवर ठराविक अंतराने लहान कड्या बसविलेल्या असतात व त्यांतून गळाची दोरी जाते. मासा ओढू लागला म्हणजे काठी कमानीसारखी वाकते. अशा काठीस भोक पाडून कडी बसवावी, तर काठी नेमकी तेथेच मोडावयाची. म्हणून कडीचे दोन्ही पाय कानशीने निमुळते करून काठीवर ठेवावयाचे आणि त्यांवर धाग्याचे वेढे एकास एक लावून घ्यावयाचे, ही रीत पडली. शेवटचे वेढे घेताना त्यांखाली धाग्याचा एक फासा ठेवतात, धाग्याचे टोक त्यात ओवतात आणि फासा ओढून घेतात. टोक वेढ्यांखाली जाते व गाठ मारावीच लागत नाही. हे वर्णन वाचून आपल्या घरातील वृद्धांस हसू येईल, कारण त्यांच्या बोटांस ही युक्ती नवी नाही.

धाग्याचे महत्त्व खरे वाढले ते चिरलेल्या वेळूच्या काठीमुळे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदुका करणाऱ्या कारागिराने १८४६ च्या सुमारास वेळूच्या कांबी एकत्र चिकटवून काठी केली. १८७० नंतरच्या दशकात मेन प्रांतातील हायरम लेनर्ड याने सहा त्रिकोणी कांबींची काठी मोठ्या प्रमाणावर काढली. यासाठी लागणारा वेळू आरंभी आपल्या देशातून जाई आणि व्यापारात त्यास ‘कलकत्ता केन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा चीनमधील ‘टोंकिन’ वेळूने घेतली. कांबी सरसाने चिकटविलेल्या असत व सरस ओलाव्याने सुटतो. म्हणून जुन्या काठ्यांवर कड्यांखेरीज मध्येही थोड्याथोड्या अंतरावर रेशमाचे वेढे असत. सरसाने दगा दिला तरी काठी धाग्याच्या आधारावर उभी राही.

आता धागा रेशमाचाच का? कापसाचा तंतू आखूड असतो. त्याच्या सुतास तूस येते आणि वॉर्निश लावले की ते खरखरीत होते. रेशमाच्या एका कोशातून शेकडो मीटरांचा अखंड तंतू निघतो. त्याचा धागा बारीक असूनही बळकट, गुळगुळीत व दाबून चपटा बसणारा होतो. जाडीची निवडही विचाराने करावी लागते. हलक्या काठीस बारीक धागा योग्य, कारण जाड वेढ्यांनी तिचा लवचीकपणा जातो. समुद्रातील जड माशांच्या काठीस जाड धागाच हवा. रंगाची परीक्षा तर फारच सूक्ष्म आहे. वॉर्निश मुरले की रेशीम पारदर्शक होते, रंग गडद पडतो आणि पांढरे रेशीम जवळजवळ दिसेनासे होते. मूळ रंग टिकवावयाचा असेल, तर आधी रंगरक्षक द्रव्याचा हात द्यावा लागतो. जाणता कारागीर म्हणून रिळावरचा रंग पाहून धागा घेत नाही. तो तुकड्यावर वॉर्निश लावून पाहतो.

पुढे काळ पालटला. १९३५ साली कॅरोदर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन शोधून काढले. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तेव्हा वेळू मिळेनासा झाला आणि काचतंतूच्या काठ्यांस जोर आला. १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. नायलॉन स्वस्त, ओलाव्यास न कुजणारे व थोडे ताणणारे असल्याने बहुतेक ठिकाणी त्याने रेशमाची जागा घेतली. वेळू गेला, सरस गेला, रेशीमही मागे पडले. पण कडी बसविण्याची रीत तीच राहिली. आजही कार्बनच्या काठीवर कडी धाग्यानेच बांधतात. मात्र ताण बेताचा ठेवावा लागतो, कारण फार आवळल्यास काठीस इजा होते आणि ढिला राहिल्यास कडी सरकते.

या इतिहासात एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. लेनर्डचे नाव ग्रंथांत आहे, इंग्लंडातील हार्डी बंधूंचे आहे. परंतु अशा कारखान्यांत धाग्याचे काम बहुधा स्त्रिया करीत, आणि त्यांची नावे क्वचितच कोणी लिहून ठेवली. आपल्याकडे तरी निराळे काय घडले आहे? दागिना घडविणाऱ्याचे नाव पेढीवर झळकते; तो ओवणारी आजी मात्र घराबाहेर कोणास ठाऊक नसते.

आमच्या तरुण ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी हा धंदा करावाच, असा आमचा आग्रह नाही. शिकावे, नोकरी करावी, पुढे जावे. पण कोणत्या दागिन्यास कोणता धागा, किती पदरी, किती पिळाचा, हे ज्ञान घरातील वृद्धांच्या बोटांत आहे तोवर एका वहीत उतरवून ठेवावे आणि त्या वहीवर त्यांचे नाव घालावे. बोटे थांबली म्हणजे हे विचारावयास कोणी उरणार नाही.